तेरा नंबरचा फेरफार: अमेरिकेतल्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टचा निवडणूक-इतिहास कसा काढायचा

चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, सदस्य झाले, तेव्हा आपल्याकडे कौतुकाच्या बातम्या भरपूर आल्या. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटसारख्या शहरातून एक मराठी माणूस निवडून आला कसा, या प्रश्नाकडे मात्र फार कुणी वळलं नाही. त्याचं उत्तर त्यांच्या चरित्रात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं मिशिगनच्या तेराव्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे मतदारसंघाच्या, इतिहासात आहे. तो कसा काढायचा ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण सगळीकडे तेराव्याचंच घेतलं आहे, पण हीच रीत ४३५ पैकी कुठल्याही डिस्ट्रिक्टला लागू पडते.

पायरी पहिली: कशाचा इतिहास हवा आहे ते ठरवा

आपल्या लोकसभा मतदारसंघांना नावं असतात. २००८ च्या फेररचनेत राजापूर गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं, इचलकरंजीच्या जागी हातकणंगले आलं. नाव बदललं की निदान कळतं तरी, की काहीतरी हललं आहे. अमेरिकेत मतदारसंघाला राज्याच्या नावापुढे नुसता नंबर असतो. जमीन बदलते, माणसं बदलतात, नंबर तोच राहतो. कधी उलटं होतं: जमीन बरीचशी तीच राहते आणि नंबर पालटतो.

म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी वेगळ्या करा. नंबरचा इतिहास, जमिनीचा इतिहास आणि माणसाचा इतिहास. सातबारा वाचताना जसं गट नंबरवर न थांबता फेरफार बघत मागे जावं लागतं, तसंच इथे करायचं. वाचकाला सहसा हवा असतो तो जमिनीचा इतिहास. तयार यादीत हाती येतो तो नंबरचा. बहुतेक घोळ इथेच होतात.

पायरी दुसरी: खासदारांची यादी करा, पण एक रकाना जास्त ठेवा

अमेरिकी काँग्रेसची अधिकृत चरित्रकोश-वेबसाइट आहे. १७८९ पासूनच्या प्रत्येक सदस्याची नोंद तिथे मोफत मिळते. तिच्यावरून साधा तक्ता करा: कधीपासून कधीपर्यंत, नाव, पक्ष, डिस्ट्रिक्टचा नंबर. शेवटचा रकाना ठेवा ‘कसा गेला’ असा. वारला, राजीनामा दिला, निवृत्त झाला, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायच्या आधीच्या फेरीत) पडला, नोव्हेंबरात (मुख्य निवडणुकीत) पडला, की नुसता नंबर बदलला? पुढचा सगळा अभ्यास या रकान्यावर उभा राहतो.

तेराव्याचा तक्ता भरला की पहिली गंमत १९३० ते १९४० च्या दशकांत दिसते. रिपब्लिकन क्लॅरेन्स मॅक्लिओड आणि डेमोक्रॅट जॉर्ज ओब्रायन हे दोघे आलटूनपालटून एकमेकांना पाडत होते. १९३६ मध्ये ओब्रायन, १९३८ मध्ये मॅक्लिओड, १९४० मध्ये पुन्हा ओब्रायन. १९४६ ला हॉवर्ड कॉफिन हे रिपब्लिकन निवडून आले आणि दोनच वर्षांत ओब्रायननी जागा परत घेतली. त्यानंतर तेराव्या नंबरवर आजतागायत रिपब्लिकन माणूस निवडून आलेला नाही. मोटार कारखाने, त्यांतली कामगार संघटना आणि दक्षिणेतून कामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं यांनी डेट्रॉइटचं राजकारण पालटलं. आपला तक्ता त्या बदलाची तारीख दाखवतो.

१९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज आले. ‘कसा गेला’ या रकान्यात ओब्रायनपुढे काय लिहाल? प्रायमरीत पडला. विद्यमान डेमोक्रॅट खासदाराला त्याच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरवून डिग्ज हे मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय खासदार झाले. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालू असताना ते कोर्टात जाऊन बसले होते. पुढे काँग्रेशनल ब्लॅक कॉकस या कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाचे पहिले अध्यक्षही झाले. ऑक्टोबर १९७८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पगारातून पैसे वळवल्याच्या प्रकरणात ते दोषी ठरले आणि पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. जून १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पक्ष इतका भक्कम असला की नोव्हेंबरचा निकाल उमेदवाराबद्दल किती कमी सांगतो, याचं हे नमुनेदार उदाहरण आहे.

पायरी तिसरी: तक्त्यावर नकाशांच्या रेघा मारा

दर दहा वर्षांनी जनगणना होते, तिच्यावरून राज्याच्या जागा ठरतात आणि मग डिस्ट्रिक्टच्या सीमा नव्याने आखल्या जातात. आपल्याकडे राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या. तिकडे दर दशकात त्या हलतात. मिशिगनला १९६० च्या दशकात १९ जागा होत्या. १९८३ पासून १८, १९९३ पासून १६, २००३ पासून १५, २०१३ पासून १४ आणि २०२३ पासून १३. म्हणजे १९१३ मध्ये मिशिगनला जेवढ्या जागा होत्या तेवढ्याच पुन्हा उरल्या.

ही वर्षं म्हणजे तुमच्या तक्त्यावरच्या जाड रेघा. १९६४ सालाजवळ आणखी एक रेघ मारा. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ‘वेस्बरी विरुद्ध सँडर्स’ खटल्यात डिस्ट्रिक्टची लोकसंख्या शक्यतो सारखी असली पाहिजे असा निकाल दिला. त्याआधीचे आणि नंतरचे मतांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

जुन्या सीमांसाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेल्या डिजिटल नकाशा-फाइली मिळतात. नकाशांची संगणक-प्रणाली वापरता येत असेल तर दोन दशकांचे नकाशे एकमेकांवर ठेवून बघा. येत नसेल तर प्रत्येक नकाशावरची गावांची यादी करून ताडून बघा, तेही पुरतं. त्याच्या शेजारी शहराची लोकसंख्या लिहा. १९५० मध्ये डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख माणसं होती. २००० मध्ये साडेनऊ लाख, २०१० मध्ये सव्वासात लाखांच्या आत, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. मिशिगनच्या एका डिस्ट्रिक्टला आता पावणेआठ लाख माणसं लागतात. म्हणजे एकेकाळी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये वाटलं गेलेलं हे शहर आता अख्खं घातलं तरी एक डिस्ट्रिक्ट भरत नाही. उपनगरं जोडावीच लागतात. कुठली जोडायची, यावरच तर खरी भांडणं होतात.

पायरी चौथी: नंबर सोडा, जमिनीच्या मागे जा

१९९३ ते २००३ या काळात तेराव्याच्या यादीत विल्यम फोर्ड आणि लिन रिव्हर्स ही नावं येतात. नुसती यादी वाचणाऱ्याला वाटेल की डिग्ज यांचा वारसा यांच्याकडे गेला. तसं काही नाही. त्या दशकात तेरा हा नंबर डेट्रॉइटमधून उचलून पश्चिमेकडच्या अॅन आर्बर, इप्सिलँटी भागाला दिला होता. विद्यापीठाचं गाव, वेगळी माणसं, वेगळं राजकारण. डेट्रॉइटची जुनी जमीन पंधराव्यात गेली होती.

आता जमिनीचा माग काढून बघा. डिग्ज यांच्यानंतर १९८० मध्ये जॉर्ज क्रॉकेट आले, तेराव्यातून. त्यांच्यानंतर १९९१ मध्ये बार्बरा-रोझ कॉलिन्स, आधी तेराव्यातून आणि १९९३ पासून पंधराव्यातून. १९९६ च्या प्रायमरीत कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक यांनी त्यांना हरवलं. त्या २००३ पर्यंत पंधराव्याच्या आणि मग पुन्हा तेराव्याच्या खासदार. हा सगळा एक सलग धागा आहे, पण नंबर बघत बसलात तर दोनदा तुटतो.

जॉन कॉनयर्स यांचं उदाहरण तर शिकवण्यासाठीच बनल्यासारखं आहे. १९६५ ते १९९३ पहिला डिस्ट्रिक्ट, १९९३ ते २०१३ चौदावा, २०१३ ते २०१७ तेरावा. माणूस एक, शहर एक, नंबर तीन. २०१३ पासूनच्या तेराव्यात डेट्रॉइटचा पश्चिम भाग आणि वेस्टलँड, रेडफर्ड, इंकस्टर अशा वस्त्या होत्या. आताच्या तेराव्यात शहराचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलँड पार्क, श्रीमंत ग्रोस पॉइंटचा काही भाग आणि नदीकाठाने दक्षिणेला गेलेल्या कामगारवस्त्या आहेत. त्यामुळे ‘ठाणेदारांच्या आधी इथे रशिदा तलेब होत्या’ हे वाक्य नंबरापुरतं खरं आणि जमिनीपुरतं अर्धवट आहे. २०२२ मध्ये तलेब शेजारच्या बाराव्यातून उभ्या राहिल्या, कारण नव्या नकाशात त्यांच्या जुन्या मतदारांचा बराच भाग तिकडे गेला होता.

जागा कमी झाली की आणखी एक गोष्ट हमखास शोधायची: दोन विद्यमान खासदार एकाच डिस्ट्रिक्टमध्ये अडकले का? २००२ मध्ये लिन रिव्हर्स आणि जॉन डिंगेल यांचं तसं झालं. प्रायमरीत डिंगेल जिंकले. रिव्हर्स यांची कारकीर्द नकाशाने संपवली, असं म्हणायला हरकत नाही.

नकाशा कुणी आखला तेही नोंदवा. २०१८ च्या सार्वमतानंतर मिशिगनमध्ये हे काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाला दिलं गेलं. त्यात १३ सदस्य असतात: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. आजचा नकाशा या आयोगाचा आहे. सभांची इतिवृत्तं आणि नागरिकांच्या सूचना सार्वजनिक असल्यामुळे कुठलं उपनगर का जोडलं, याच्या चर्चा मुळातून वाचता येतात.

पायरी पाचवी: खरी लढत कुठे होते ते शोधा

इथे घाई करू नका, कारण पाणी मुरतं ते इथेच.

हाऊसच्या क्लार्कचं, म्हणजे सभागृहाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालय १९२० पासूनचे निवडणूक-निकाल प्रसिद्ध करतं. अधिकृत, नीटनेटके आकडे. पण ते नोव्हेंबरचे. तेराव्यासारख्या एकपक्षी डिस्ट्रिक्टचा नोव्हेंबरचा निकाल वाचून हाती फारसं काही लागत नाही. २०१८ मध्ये तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता. तलेब यांना सुमारे ८४ टक्के मतं मिळाली. या आकड्यावरून त्यांना प्रचंड लोकप्रिय ठरवणं म्हणजे बिनविरोध सरपंचाला जननायक म्हणणं.

निकाल लागतो ऑगस्टच्या प्रायमरीत. आपल्याकडे तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात. तिकडे तिकीट मतदार देतात. प्रायमरीचे आकडे मिशिगनच्या राज्य निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. फेडरल इलेक्शन कमिशन दर दोन वर्षांनी निकालांचं जे संकलन काढतं, त्याच्या अलीकडच्या अंकांतही ते असतात. फार जुन्या काळासाठी राज्याच्या छापील वार्षिकांचा आणि स्थानिक वृत्तपत्रांचा आधार घ्यावा लागतो.

एक सूचना. मिशिगनमध्ये मतदारनोंदणीत पक्ष लिहिलेला नसतो. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि मतदार त्यांतला कुठलाही एक निवडतो. तेव्हा ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट किती’ हा आकडा शोधत वेळ घालवू नका, तो नाहीच. रिपब्लिकन विचारांचा मतदारही डेमोक्रॅट रकान्यात मत देऊ शकतो. शिवाय दुसरी फेरी नसते. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, मग ती तीस टक्के का असेनात.

आता प्रायमऱ्या क्रमाने बघा. २००८ मध्ये किलपॅट्रिक ३९ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून कशाबशा तगल्या. मुलगा क्वामे किलपॅट्रिक डेट्रॉइटचा महापौर होता आणि घोटाळ्यात अडकला होता. त्याची झळ आईला लागली. त्या वाचल्या, कारण विरोधातली मतं मेरी वॉटर्स आणि मार्था स्कॉट या दोघींत फुटली. २०१० मध्ये हॅन्सन क्लार्क यांनी त्यांना हरवलंच. क्लार्क यांचे वडील आजच्या बांगलादेशातले. म्हणजे या जागेवर भारतीय उपखंडाशी नातं असलेला खासदार ठाणेदारांच्या आधीही येऊन गेला होता, हे आपल्या बातम्यांत कुठे दिसलं नाही.

पायरी सहावी: पोटनिवडणुका वेगळ्या काढा

डिसेंबर २०१७ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर कॉनयर्स यांनी राजीनामा दिला. उरलेल्या मुदतीसाठीची पोटनिवडणूक आणि पुढच्या पूर्ण मुदतीची निवडणूक, दोन्हींची प्रायमरी एकाच दिवशी झाली: ७ ऑगस्ट २०१८. त्याच मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर दोन मतं दिली. पोटनिवडणुकीच्या प्रायमरीत डेट्रॉइट नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स सुमारे ३८ विरुद्ध ३६ टक्क्यांनी तलेब यांच्या पुढे गेल्या. पूर्ण मुदतीच्या प्रायमरीत तलेब सुमारे ३१ विरुद्ध ३० टक्क्यांनी जिंकल्या. फरक होता नऊशेच्या आसपास मतांचा.

एकाच दिवशी दोन निकाल कसे? उमेदवारांच्या दोन याद्या शेजारी ठेवा. पोटनिवडणुकीला डेमोक्रॅट रकान्यात चार नावं होती, पूर्ण मुदतीला सहा. जास्तीच्या दोघांत कोलमन यंग दुसरे, म्हणजे डेट्रॉइटच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे पुत्र. त्यांनी बारा टक्क्यांच्या वर मतं घेतली. चारांच्या यादीत ही मतं सगळ्यांकडेच थोडीथोडी गेली, पण जोन्स यांच्याकडे जास्त गेलेली दिसतात. मतविभागणीचा इतका स्वच्छ प्रयोग ठरवूनही करता येणार नाही: मतदार तेच, दिवस तोच, बदल फक्त यादीत.

जोन्स यांनी २९ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि जेमतेम पाच आठवडे खासदारकी केली. घाईत केलेल्या याद्यांत कॉनयर्स यांच्यानंतर थेट तलेब येतात, जोन्स गळतात. तुमच्या तक्त्यात त्यांना ओळ द्या. २०२० च्या प्रायमरीत दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. या वेळी यादीत दोघीच होत्या आणि तलेब यांनी दोन-तृतीयांश मतं घेतली. दोन वर्षांत खासदार म्हणून झालेली ओळख आणि फुटायला उरलेली नसलेली मतं, दोन्हींचा हा परिणाम. त्यातला कुठला किती हे आकड्यांवरून सांगता येत नाही, तेव्हा सांगूही नये.

पायरी सातवी: मतपत्रिकेवर कोण आलंच नाही?

निकालपत्रात न दिसणारी माणसंही इतिहासात असतात. मिशिगनमध्ये पक्षाच्या प्रायमरीत हाऊससाठी उभं राहायला किमान एक हजार वैध मतदारांच्या सह्या लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं. २०१४ मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं खासदार असलेल्या कॉनयर्स यांचाच अर्ज यात अडकला. सह्या गोळा करणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची मतदारनोंदणी धड नव्हती, म्हणून काउंटी क्लार्कने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, क्लार्क म्हणजे तिथला निवडणूक अधिकारी) सह्या बाद केल्या. फेडरल न्यायाधीशांच्या आदेशाने त्यांचं नाव परत आलं. २०२४ मध्ये अॅडम हॉलियर यांच्या वैध सह्या हजाराखाली भरल्या आणि ते शर्यतीतून बाहेर गेले. हेच हॉलियर २०२२ मध्ये ठाणेदारांच्या मागोमाग दुसरे होते. त्यामुळे २०२४ च्या प्रायमरीतला ठाणेदारांचा विजय वाचताना ही नोंद शेजारी हवीच. त्या वर्षी दुसऱ्या आलेल्या मेरी वॉटर्स म्हणजे २००८ मध्ये किलपॅट्रिक यांना घाम फोडणाऱ्याच. एकच नाव सोळा वर्षांनी परत दिसतं, ते जमिनीचा माग धरला म्हणून.

पायरी आठवी: पैसा

फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर उमेदवाराचं नाव टाकलं की कुणी किती दिलं, त्याने स्वतः किती घातलं, कुठे खर्च केलं हे दिसतं. दोन रकाने खास बघा: उमेदवाराने स्वतःच्या मोहिमेला दिलेलं कर्ज आणि बाहेरच्या गटांनी परस्पर केलेला खर्च. २०२२ मध्ये ठाणेदारांनी स्वतःचे कित्येक दशलक्ष डॉलर ओतले. समोर हॉलियर यांच्या बाजूने एका इस्रायल-समर्थक संस्थेशी संबंधित सुपर पॅकने, म्हणजे उमेदवारापासून अलग राहून हवा तेवढा खर्च करू शकणाऱ्या गटाने, चाळीस लाख डॉलरच्या आसपास खर्च केला. नऊ उमेदवारांच्या गर्दीत ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले, हॉलियर २३ च्या पुढेमागे राहिले. नोव्हेंबरात ७१ टक्के, पण त्या आकड्याचं काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

या निकालाला दुसरी बाजू आहे, ती लिहिताना गाळू नका. डिग्ज १९५५ मध्ये वॉशिंग्टनला गेले तेव्हापासून डेट्रॉइटकडून हाऊसमध्ये कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी सातत्याने होता. तलेब आल्या तेव्हाही शेजारच्या चौदाव्यात ब्रेंडा लॉरेन्स होत्या. जानेवारी २०२३ मध्ये ती साखळी तुटली. बहुसंख्य कृष्णवर्णीय शहरात याची बोच किती आहे, हे बेळगावच्या बातमीत येणार नाही. जागेच्या इतिहासात आलंच पाहिजे.

पायरी नववी: मतदान केंद्रांपर्यंत खाली उतरा

डिस्ट्रिक्टची बेरीज झाली की शहरवार आणि केंद्रवार आकडे काढा. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येतं तिच्या क्लार्क कार्यालयाच्या निकालपत्रांत ते असतात. फाइली बोजड असतात. केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी मधूनमधून बदलतात, म्हणून दोन निवडणुका जोडण्याआधी हद्द तपासा. ते जमत नसेल तर शहराच्या पातळीवर थांबा. घरून दिलेली मतं काही ठिकाणी वेगळी मोजलेली असतात, ती मिळवल्याशिवाय बेरीज जुळणार नाही. मतदानाची टक्केवारी बघताना अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष आणि मधलं वर्ष एकत्र करू नका. २०१६ ची तुलना २०१२ शी, २०१८ ची २०१४ शी.

आणि फक्त हाऊसच्या निवडणुकीपुरतं थांबू नका, त्याच जमिनीवरच्या बाकीच्या निवडणुकाही उघडा. २०१८ मध्ये ठाणेदार गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते. राज्यभरात ग्रेचेन व्हिटमर पहिल्या, अब्दुल अल-सईद दुसरे आणि ठाणेदार दोन लाखांच्या वर मतं घेऊन तिसरे आले. बातमी तिथेच संपली. पण डेट्रॉइट शहराचे आकडे वेगळे काढले की तिथे सर्वाधिक मतं ठाणेदारांना मिळालेली दिसतात, टीव्हीवरच्या जाहिरातींच्या जोरावर का होईना. ते तेव्हा अॅन आर्बरचे रहिवासी होते. पुढच्या वर्षी ते डेट्रॉइटला राहायला गेले, २०२० मध्ये तिथूनच राज्याच्या विधिमंडळात पोहोचले आणि दोन वर्षांनी तेराव्याचे उमेदवार झाले.